आमचा बँड आणि चारीचं पाणी

बारामती तालुक्यात बायकांचा पहिला रॉक बँड मी काढला. हसू नका. साल सत्त्याण्णव, महिना मे, आणि माझं वय तेव्हा एकावन्न. मोठमोठ्या कलावंतांच्या गाण्याला लोक फार तर टाळ्या वाजवतात. आमच्या गाण्याला अख्खा मांडव उठून उभा राहिला होता! का उठला, ते पुढं येईलच.

मूळ दोष टीव्हीचा. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला ‘सूर चाळिशीचा’ नावाची मालिका लागायची. मुंबईतल्या चार प्रौढ बायका मिळून रॉक बँड काढतात, घरचे बोंबलतात, त्या ऐकत नाहीत. एवढीच गोष्ट. आमच्या वडगावच्या वस्तीवर रंगीत टीव्ही फक्त माझ्याकडं. माझे मालक श्रीपती एसटीत मेकॅनिक आणि मी बालवाडीची बाई, म्हणजे घरात दोन पगार. मळ्यातल्या बायका मालिका बघायला यायच्या. त्यातली बनाबाई मात्र उंबऱ्याबाहेर बसून बघायची. आत ये म्हटलं, की म्हणायची, हितं वारं चांगलं लागतं. तिसऱ्या भागात त्या मालिकेतल्या कॅशियरबाईनं असा काही ड्रम बडवला, की बनाबाई उठली आणि थेट टीव्हीपुढं मांडी घालून बसली. चौथ्या भागाला तिनं माझ्याकडं चहा मागितला, आजवर आमच्या घरचं पाणीही न घेतलेल्या बाईनं. वीस वर्षं कुणाच्या भाषणानं जे झालं नव्हतं, ते त्या ड्रमनं केलं.

त्याच आठवड्यात कळलं, की इंदापूरला महिला मेळावा आहे आणि त्यात गाण्या-वाजवण्याची स्पर्धा आहे. मी जाहीर करून टाकलं, आपण बँड काढायचा.

गाणार कोण, हा प्रश्नच नव्हता. गोजरबाई. माहेर सांगवीचं, गळा असा की ऐकणाऱ्यानं हातातला घास तसाच धरून ठेवावा. पण सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली आणि त्यानंतर तीस वर्षं तिचं गाणं ऐकलं ते फक्त तिच्या म्हशीनं, आणि पहाटे कुंपणाआडून मी. धार काढताना गोजरबाई गायली नाही, तर म्हैस दूध द्यायची नाही. नवरा संभाजीराव आमच्या चारीच्या, म्हणजे कालव्यातून निघालेल्या पाटाच्या, पाणी सोसायटीचे चेअरमन. ते पहाटेच शेतावर गेलेले असायचे, म्हणजे म्हशीला जे कळलं ते त्यांना कळायला संधीच नव्हती.

वाद्यं जमवली. ड्रम वाजवायचा मीच. माझ्या वडिलांची भीमगीतांची पार्टी होती, त्यामुळं ताल माझ्या हातात लहानपणापासून. गोडेतेलाचे चार रिकामे डबे, एक दुधाची कॅन आणि दोन लाटणी, झाला ड्रम! मळ्यातल्याच धोंडाबाईनं सासऱ्यांची एकतारी काढली आणि मालिकेतल्या गिटारवालीसारखी पट्ट्यानं गळ्यात अडकवली. पट्टा बैलाच्या घुंगरांचा होता, तो वेगळाच वाजायचा. बनाबाईला सरावाच्या जागेतच वाद्य सापडलं. संभाजीरावांचं गुऱ्हाळ मे महिन्यात बंद असायचं, आम्ही चोरून तिथंच जमायचो. तिथं गूळ शिजवायची प्रचंड काहील भिंतीला उभी टेकवलेली होती. बनाबाईनं तिच्यावर एक दणका दिला आणि पत्र्यावरची कबुतरं जी उडाली, ती पावसाळ्यापर्यंत परत आली नाहीत.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मला तेव्हा आठवायला हवी होती. आमच्याकडं कालव्याचं पाणी पाळीनं यायचं. पाळी आली, की चारीवर ज्याला पाणी पहिल्यांदा दिसेल त्यानं डबा बडवायचा. तो ऐकून पुढच्या वस्तीनं आपला डबा बडवायचा, मग त्याच्या पुढच्या. फोन कुणाकडं होता? आणि उन्हाळ्यात आपला तास चुकला, तर उसाला पुढची पाळी येईपर्यंत तीन आठवडे वाट बघावी लागायची. त्यामुळं डबा वाजला, की माणूस हातातलं टाकून पळायचा.

पहिला पूर्ण सराव आम्ही दुपारी तीनला केला. बाप्ये जेवून लवंडलेले. मी चारही डब्यांवर लाटणी चालवली, बनाबाईनं काहील दणाणवली. दोन मिनिटांत पलीकडच्या वस्तीवरून डब्याचा आवाज आला. मग त्याच्या पलीकडून. मला वाटलं, वस्त्या साथ देतायत! मला भरूनच आलं. मी आणखी जोरात बडवलं.

तिकडं चारीवर साठ माणसं खोरी घेऊन पोचली. धोंडाबाईचा दीर जोतीराम अर्धी दाढी करून, अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून आला होता. चारीत पाण्याचा थेंब नव्हता. एक सरडा होता, तोही माणसं बघून गेला. खालच्यांनी वरच्यांवर पाणी चोरल्याचा आरोप केला, वरच्यांनी खालच्यांची अक्कल काढली, दोघांच्या सदऱ्याच्या गुंड्या तुटल्या. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, की डबा अजून वाजतोय. गुऱ्हाळात वाजतोय.

दारात संभाजीराव उभे राहिले आणि माझी लाटणी हवेतच थांबली. गोजरबाईनं तोंडाला पदर लावला.

“बाई, हे काय चाललंय?”

“रॉक बँड, चेअरमन.”

त्यांनी भिंतीकडं बघितलं. “ही माझी काहील हाय.”

“व्हय,” बनाबाई म्हणाली. “लई चांगली हाय.”

मग ते बायकोकडं वळले. “चार लोकांत गळा काढायचं वय हाय का तुजं?”

गोजरबाईनं पदर खाली केला. तीस वर्षांत तिनं त्यांना उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, “आले तवा तुमी म्हनला, लेकरं मोठी हूं दे, मग गा. ती झाली की.”

मागं साठ माणसं खोऱ्यांवर रेलून ऐकत होती. संभाजीरावांना नाही म्हणता येईना आणि हो म्हणवेना. शेवटी म्हणाले, “ठीक हाय. इंदापूरला मी पुढच्या रांगेत बसतो. लाज वाटली तर उठून जाईन. आन मी उठलो, की गानं बंद. कायमचं. गोठ्यातबी न्हाय.”

“आन न्हाय उठला तर?”

“तर म्हन की काय म्हनायचं ते.”

झालं! आमचा बँड एका माणसाच्या गुडघ्यांवर येऊन ठेपला.

वस्तीनं आमच्या डब्यांवर बंदी घातली. मग मी डब्यांत गोधडीच्या चिंध्या कोंबल्या आणि पुढचे दोन आठवडे आम्ही मुक्यानं सराव केला. जोतीराम मात्र तरीही रोज एकदा चारीत डोकावून जायचा.

काहील टेम्पोत घालून आम्ही इंदापूरला पोचलो. मेळाव्याला पाचशे बायका होत्या. त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घेऊन आलेले बाप्ये मागं उभे. पुढच्या रांगेत पुण्याहून आलेल्या परीक्षकबाई, पाहुणे आणि टोकाला संभाजीराव. स्वच्छ टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर, म्हणजे उठायच्या पूर्ण तयारीत. पडद्यामागं गोजरबाई फटीतून त्यांचे गुडघेच बघत होती.

“ते उठत्यात बघा, बाई.”

“तू डोळे मीट आणि म्हशीपुढं उभी आहेस असं समज,” मी म्हटलं.

पडदा सरकला. मी एकेका डब्यातल्या चिंध्या ऐटीत उपसून काढल्या आणि लाटणी हाणली!

तिसऱ्या ठोक्याला मागचा एक म्हातारा टाचा उंचावून बाहेर बघू लागला. पाचव्याला कुणीतरी म्हणालं, पानी आलं वाटतं. आणि मांडव उठला. कालवा काही वडगावला संपत नाही, तो पुढं इंदापूरलाच जातो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. ही तर शेवटाकडची माणसं, पाण्याला कायम आसुसलेली. त्यांचे कान आमच्याहून तिखट! खुर्च्या उलटल्या, चपला अदलाबदल झाल्या, ट्रॅक्टर सुरू झाले. प्रमुख पाहुण्यांचा तेरा एकर ऊस होता, ते हार गळ्यात ठेवूनच पळाले.

गोजरबाईचे डोळे मिटलेले. तिला यातलं काही ठाऊक नाही. ती गायला लागली होती:

*चूल म्हणं थांब गं, गोठा म्हणं थांब गं,*
*थांबायचं वय माझं न्हाय गं, न्हाय गं!*

कडवं संपलं तेव्हा तिनं डोळे उघडले. समोर पाचशे रिकाम्या खुर्च्या. परीक्षकबाई बसल्या होत्या, कारण त्या पुण्याच्या. आणि टोकाला, गुडघ्यांवर हात ठेवून, संभाजीराव.

मी वाजवायची थांबले. बनाबाईही थांबली. नुसती धोंडाबाईची एकतारी राहिली, आणि त्या एकतारीवर गोजरबाईनं पुढची तिन्ही कडवी म्हटली. तसं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही. शेवटच्या कडव्याला संभाजीरावांनी टोपी काढली, तिनंच तोंड पुसलं आणि परत घातली. पण उठले नाहीत.

आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. स्टीलचा डबा. परीक्षकबाईंच्या मनात काही नसावं.

परतताना टेम्पोत गोजरबाईचं एकच चाललं होतं. “समदा मांडव उठला. पन आमचं मालक न्हाय उठलं.” तिच्या तोंडावर असं तेज, की टेम्पोला दिव्याची गरज नव्हती. वाटेत चहाला थांबलो, तेव्हा मी संभाजीरावांना बाजूला गाठलं आणि विचारलं, का नाही उठलात?

त्यांनी खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. “पाळी मंगळवारची हाय. पानी सोडनाऱ्या पाटकऱ्याची सही हाय ह्याच्यावर. रविवारचा कशाला पळू?”

“आणि टोपीनं तोंड पुसलंत ते?”

“उकडत हुतं,” ते म्हणाले, आणि कपातला चहा बघत बसले.

कागदाचं मी गोजरबाईला कधीच सांगितलं नाही. त्या एका दिवसाच्या जोरावर ती पुढं वीस वर्षं गायली, बारशाला, बचत गटात, अगदी निवडणुकीच्या सभेतसुद्धा. आज इथं पहिल्यांदा लिहितेय. गोजरबाईला वाचता येतं, पण तिचा चष्मा महिनाभर सापडत नाहीये. त्या भरवशावर.