तात्यांची घरातली छत्री

आमचे शेजारी तात्या खर्डे घरात छत्री उघडून जेवत. पावसाळ्यात नव्हे, फाल्गुनात. बेलापूरजवळच्या आमच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत जेवणाच्या वेळी त्यांच्या खिडकीकडे पाहिलं, की काळ्या छत्रीची पाठ तेवढी दिसायची. दुसरा कोणी असता तर मी कारण विचारलं असतं. तात्यांच्या बाबतीत त्याची गरज नव्हती. ते स्वतः केलेल्या छताला भ्यायले होते, हे सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं.

तात्या स्टोअरमध्ये कारकून. बॉयलरची धग बाहेर जाऊ नये म्हणून त्याला ॲसबेस्टॉसच्या भुकटीचा लेप देतात. त्यातली काही पोती उरली आणि तात्यांचं डोकं चाललं. "बॉयलरची आग आत ऱ्हाती, मग आपलं ऊन भाईर का न्हाई ऱ्हायचं?" मॅनेजरांना हे पटलं, यावरून आमचा कारखाना कसा चालत होता ते ओळखावं. आमच्या घरांच्या सगळ्या ओळीला पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचं छत होतं. तात्यांनी शिडीवर चढून त्या तट्ट्यांना लेप थापला, वर बोटांनी शिंपल्यांची नक्षी काढली. खाली त्यांच्या पत्नी, जिजी, भुकटी कालवून घमेली वर देत होत्या. त्यानंतर तात्यांकडे कोणी चहाला गेलं, की आधी "वर बघा." मान अवघडेपर्यंत बघावं लागे, मग चहा.

पुढे जिजींचा खोकला हटेना. तात्या त्यांना नगरला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. कुठली धूळ छातीत जाते, असं डॉक्टरांनी खोदखोदून विचारलं. भुकटीचं नाव ऐकल्यावर म्हणाले, खोकला त्यानंच आहे असं सांगता येत नाही, पण ती उडू देऊ नका. छत खरवडू नका, ठोकू नका.

झालं. ज्या माणसानं आम्हाला वर बघायला लावलं होतं, तोच आता वर हात लावू देईना. दिवाळीला जळमटं काढायची तर तात्या उसावर औषध मारायचा पंप पाठीला लावून हजर. आधी पाणी मारणार, मगच आमच्या बायका ओल्या फडक्यानं पुसणार. सणाच्या तोंडावर भिंतींवरून मळकट ओघळ येत. कोणी तोंड उघडलं की ठरलेलं उत्तर, "खाली बसू द्या." धुळीलाही तेच आणि भांडणालाही तेच. कारखान्याच्या निवडणुकीवरसुद्धा त्यांचं मत एवढंच होतं.

माझ्या मुलीच्या बारशाच्या आदल्या दिवशी मात्र हद्द झाली. पाळण्याची कडी वरच्या वाशाला बसवायला मी छताला पहिला घाव घातला आणि तात्या धावत आले. हातातली हातोडीच काढून घेतली.

"भाऊ, पोरीच्या डोक्यावर भोकं पाडू नका."

"थापताना अक्कल कुठं होती?" मी विचारलं.

"नव्हती," तात्या म्हणाले आणि हातोडी घेऊन चालते झाले.

बायको म्हणाली, उद्या बायका जमतील, पाळणा कुठे बांधायचा? मी तावातावानं तात्यांच्या दारात गेलो. आज यांची छत्री मोडूनच यायची, असं ठरवलं होतं.

दार उघडं होतं. दोघं जेवायला बसली होती. बाहेरून उसाचे ट्रक धडधडत चालले होते आणि तट्ट्या थरथरत होत्या. छत्री उघडी होती, पण तिच्याखाली तात्या नव्हते. ती त्यांनी जिजींच्या डोक्यावर, ताटावर धरली होती. खिडकीतून आम्हाला छत्री दिसे, खालचं माणूस दिसत नसे. तात्यांच्या टोपीवर, खांद्यावर पांढरे कण पडले होते. जिजी खोकत होत्या. त्यांची उबळ थांबेपर्यंत तात्यांनी हात हलवला नाही.

"आवो, तुमच्या ताटात पडतंय," जिजी म्हणाल्या. "जरा तुमच्याकडं घ्या की."

"पडू दे. मी सांगितलं म्हनून कालवलंस तू." तात्यांनी छत्री आणखी जिजींकडे सरकवली. "खाली बसू दे, मग जेव."