पोचल्याची हाक

आमचे नाना दूध आणायला गेले की अर्ध्या पिंप्राळ्याला कळायचं. बूथवर पोचले की ते घराकडे वळून, तोंडाभोवती दोन्ही हात धरून ओरडायचे, "पोचनू रेऽऽ!" मग माझ्या बायकोने हातातलं काम टाकून गॅलरीत यायचं आणि "ऐकाले उनंऽऽ!", म्हणजे ऐकू आलं, अशी ओ द्यायची. तोवर नाना रांगेत पुढे सरकत नसत. मागचे लोकही मुकाट्याने आमच्या गॅलरीकडे बघत उभे.

"नाना, मी बहिरा नाही हो," किराणावाले शेठ दुकानातून म्हणायचे.

"तुमले कोन सांगी ऱ्हायनं?"

नाना माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. जन्म दोंडाईच्याच्या बाजूचा, तापीतल्या एका बेटावरचा. तिथे घरं मोजकी, आडनाव एकच, भांडणं मात्र सगळ्या प्रकारची. पण एक रीत होती. नावेतून पार गेलेल्याने काठावरून हाक मारायची, बेटावरच्या कोणीतरी ओ द्यायची. ओ मिळेपर्यंत त्याने पुढे निघायचं नाही आणि हाक येईपर्यंत त्याच्या घरच्यांनी जेवायचं नाही. वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊबंदही हे पाळायचे. "पह्यले ओ, मंग शिव्या," नाना सांगायचे.

पुढे धरण झालं, बेट पाण्याखाली गेलं. काकू गेल्यावर नाना आमच्याकडे आले, ते ही रीत घेऊनच. मी ऑफिसच्या कामासाठी धुळ्याला जाऊन आलो की पहिला प्रश्न, "हाक मारी व्हती का?"

"नाना, धुळ्याहून ऐकू येईल का?"

"मारी देखी का?"

एकदा आमचे साहेब जेवायला आले होते. पानं वाढली आणि खालून हाक आली. बायको पोळ्या सोडून गॅलरीत धावली. साहेब हसले. ते हसणं मला लागलं. नाना वर आल्यावर साहेबांदेखत मी म्हणालो, "नाना, पिंप्राळ्यात नदी नाही. आता पुरे."

"हा, बरोबर शे तुनं," नाना म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते गुपचूप जायचे, गुपचूप यायचे. शेठनेच मला हटकलं, "नाना आजारी आहेत का? सकाळ झाल्यासारखीच वाटत नाही."

मग एका संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसलो. बेट सोडलं त्या दिवसाचं ते स्वतःहूनच बोलले. "शेवटली नाव व्हती. बठ्ठा संगेच उनूत. काठवर उतरनू, रीतपरमाने हाक मारी. पन ओ देवाले तठे कोनीच नव्हतं." बरोबर आलेले सगळे लोक बिऱ्हाडं उचलून चालू लागले, नाना पाण्याकडे तोंड करून उभेच. काकूने हाताला धरून ओढलं तेव्हा हलले. हे सांगून ते हसले. "मंग मी आजून पोचेलच न्हई, भाऊ."

सकाळी ते दुधाला गेले. बूथवर घराकडे पाठ करून रांगेत उभे राहिले. मी गॅलरीत गेलो. मला नीट ओरडताही येत नाही. तरी तोंडाभोवती हात धरले.

"ऐकाले उनंऽऽ, नाना! ऐकाले उनंऽऽ!"

रांग वळली. शेठ तराजू हातात धरून बाहेर आले. नाना सावकाश वळले आणि बराच वेळ वर बघत राहिले. मागच्या कोणी त्यांना पुढे सरका म्हटलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी दुधाची पिशवी माझ्या हातात दिली.

"आवाज बारीक शे तुना," ते म्हणाले. "पन उना."