विहीणबाईंच्या चपला आणि दुसरी भरती

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसूच नये! माझा स्वतःचा बसायला वर्ष गेलं. परवा लंडनमधल्या पिनरला आमच्या विहीणबाईंकडे पाहुणे जमले होते, त्यांना हेच सांगत होतो. तुम्हालाही तसंच्या तसं सांगतो.

अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना. आमची उल्का आणि पिनरचा विनय यांनी आपापसात लग्न ठरवून टाकलं होतं. राहिला होता तो विनयच्या आईचा, वैजयंतीबाईंचा होकार. इंग्लंडात वाढलेली मुलगी म्हटली की बाईंच्या कपाळाला आठी पडायची. त्या मुलगी बघायला आमच्याकडे साउथहॅम्प्टनला येणार म्हटल्यावर मी घरात जाहीर केलं, "सगळं माझ्यावर सोडा! शहर असं दाखवतो की संध्याकाळी बासुंदीबरोबर होकार!"

"बाबा, प्लीज," उल्का म्हणाली, "नुसता दाखवा. स्टोऱ्या नका सांगू."

बारगेट दाखवलं. "दरवाजा आहे," बाई म्हणाल्या. जुनी तटबंदी दाखवली. "भिंत आहे." गोदीतले कंटेनर पाहून म्हणाल्या, "आणि ही डबडी कसली?" मागे विनय आणि उल्का दहावीच्या निकालाला आल्यासारखे चालत होते.

शेवटी हुकमाचं पान काढलं. धक्क्याला बांधलेली, म्युझियम केलेली जुनी शिडाची बोट! तिच्या नाकाशी लाकडात कोरलेली एक बाई: लालभडक वस्त्र, सोनेरी मुकुट, एक हात वर. वैजयंतीबाई थबकल्या.

"अगंबाई, ही तर जहाजाची देवी!"

"आंटी, तो देवी नाहीये, डेकोरेशन..." उल्का बोलायला लागली. मी तिच्या पायावर पाय दिला.

"देवीच! आणि जागृत आहे!"

झालं! बाईंनी पर्समधून कुंकवाचा करंडा काढला, वाकून देवीच्या पायाला बोट टेकवलं आणि आत जायच्या आधी चपला काढल्या. बोटीवर चढायच्या फळीच्या तोंडाशी नकोत म्हणून धक्क्याच्या दगडी पायऱ्या उतरून खाली ठेवल्या.

"पाणी नाही ना येणार?"

"छे! भरती मघाशीच येऊन गेली. मी इथला जुना माणूस!"

आम्हीही बूट काढले. मागे एक इंग्रज जोडपं उभं होतं. इंग्रज माणूस कारण विचारत नाही, रांग बघतो. त्यांनी काढले. त्यांच्या मागच्यांनी काढले. बोटीवरचा म्हातारा गाइड धावत आला. "सर, इज धिस द न्यू रूल?"

"ऑफ कोर्स!" मी म्हणालो. "टु प्रोटेक्ट द डेक."

त्यानेही बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता, पण नियम म्हणजे नियम! तासाभरात त्या पायऱ्यांवर आपल्याकडच्या जत्रेसारखा ढीग लागला.

आता, बाकीच्या गावांना एक भरती पुरते. साउथहॅम्प्टनच्या पाण्याला समाधान नाही. ते जरा मागे सरतं आणि पुन्हा येतं. इतकी वर्षं राहून नेमकं तेवढंच मी विसरलो! बोटीवरून उतरतो तर पायऱ्या पाण्याखाली आणि तमाम पादत्राणं आरमारासारखी समुद्राकडे निघालेली. सगळ्यांत पुढे बाईंच्या कोल्हापुरी.

"माझ्या आईनं दिलेल्या चपला!" बाईंचा आवाज बर्फासारखा झाला. "आता अनवाणी परतायचं? पहिल्याच भेटीत? विनय, गाडी काढ!"

उल्काचा चेहरा पांढरा पडला. विनय किल्ल्या चाचपत उगाच उभा. आणि तेव्हा, मंडळी, माझ्यातला बाप जागा झाला! कोट भिरकावला आणि धक्क्यावरून धाडकन उडी! पाणी असं गार की दात आपोआप तबला वाजवू लागले. मी हात मारत सुटलो. समोरून पाच मजली क्रूझ बोट! कप्तानाला वाटलं, कोणी इंग्लिश खाडी पोहणारा पठ्ठ्या आहे. त्याने भोंगा वाजवून सलामी दिली! मी एका हाताने सलाम परत केला, दुसऱ्याने कोल्हापुरी पकडल्या आणि येताना गाइडचे बूट गळ्यात अडकवून आलो. धक्क्यावर अनवाणी पब्लिक टाळ्या वाजवतंय! चपला बाईंच्या पायांशी ठेवल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "पद्माकरराव, असा बाप बघितल्यावर मुलगी वेगळी कशाला बघायची?"

पिनरच्या त्या दिवाणखान्यात पाहुण्यांचे चहाचे कप हवेत तसेच थांबले. तेवढ्यात चिवड्याची बशी घेऊन विहीणबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"उडी? अहो पद्माकरराव, तुम्ही तर बाकावर माझी पर्स धरून बसला होता! गाइडची आकडीवाली लांब काठी घेऊन कमरेभर पाण्यात उतरली ती उल्का. तिच्याकडे बघून मी हो म्हटलं. तुमच्याकडे बघून म्हणायचं असतं, तर पोरं अजून बिनलग्नाचीच राहिली असती!"