तात्या शेडगे आणि आमची केबल

आमच्या शेजारच्या तात्या शेडग्यांनी स्वतः पत्र्यावर चढून आपल्या घरच्या केबलची वायर कापली आणि त्याच वायरीवर आपले दोन लेंगे वाळत घातले. केबलवाला जाब विचारायला आला तेव्हा लेंग्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "आत्ता कुटं कामाला आलीया बघ. इतकी वर्सं नुस्ती लोंबत व्हती."

उरवड्यातल्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर. आम्ही मूळचे लातूरकडचे. तात्या मात्र इथलेच, त्याच कारखान्याच्या गेटवर पहारा करून रिटायर झालेले. बायको गेलेली, मुलगा नोकरीसाठी चिंचवडला. काटकसर हा त्यांचा एकमेव छंद. टीव्हीला ते खोकं म्हणत. "खोक्याला पगार द्यायला मी काय शेट हाय?" हे वाक्य त्यांनी अख्ख्या आळीला ऐकवलं होतं.

एवढा त्याग केलेला माणूस टीव्हीकडे पाठ फिरवेल असं कोणालाही वाटेल. छे! तात्यांनी केबल सोडली होती, मालिका नाही. दिवेलागण झाली की स्वारी आमच्या दारात. चप्पल काढता काढता प्रश्न, "चालू झालं न्हाई न्हवं?" पंख्याखालची खुर्ची त्यांची. ती मुळात माझी होती, हे एव्हाना मीच विसरलो होतो. बसल्या बसल्या पहिला हुकूम सुटे, "बत्ती मालवा. खोक्याचा उजेड पडतोय की. लाइट काय फुकट हाय व्हय?" मग बायको बिचारी त्या निळ्या उजेडात चाचपडत मेथी निवडायची. त्या काळात आमच्या भाजीत काय काय गेलं, देव जाणे.

मालिकेतल्या खाष्ट सासूला तात्या अस्सल मावळी शिव्या हासडत. त्या इतक्या जोरकस असत की आमच्या लेकीला, शिल्पाला काहीतरी काम काढून आत पाठवावं लागे. जाहिराती लागल्या की मोर्चा माझ्याकडे. "साहेब, तुमी शिकल्याली मान्सं. कशापायी पैसं घालताय त्या केबलवाल्याच्या मढ्यावर? टाका तोडून! माझ्याकडं बघा, अडलं का काय माझं?" आमचाच चहा, आमचाच पंखा, आमचीच केबल आणि वर उपदेश! बरं, उत्तर द्यायला तोंड उघडावं तर जाहिराती संपत, आणि तात्या मलाच दटावत, "गप ऱ्हावा वाईच."

मग शिल्पाचं दहावीचं वर्ष आलं. घरात दहावी आली की केबल काढायची, ही आपल्याकडची रीतच आहे. मार्क कमी पडले तर पडोत, पण केबलपायी पडले असं पाहुण्यारावळ्यांनी म्हणता कामा नये. शिवाय पैसे वाचणार होते. मी ऐटीत जाहीर केलं, "तात्या, शेवटी तुमचं ऐकलं. उद्यापासून आमचीही केबल बंद."

शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. तात्यांची चहाची बशी तोंडाशी जाता जाता थांबली.

"का?"

"शिल्पाची दहावी."

"मग पोरगी बसंल की आतल्या खोलीत. आपन आवाज बारीक ठिवू."

"अहो तात्या…"

"बंदच ठिवू आवाज! नुस्तं बघू. ती सासू काय बोलती ते मला पाठ हाय."

मला हसू फुटलं. "रोज तुम्हीच तर सांगत होता, तोडून टाका म्हणून!"

तात्यांनी बशी खाली ठेवली. बंडीच्या खिशातून घामानं मऊ पडलेल्या नोटा काढून माझ्यापुढे धरल्या. "केबलचं मी भरतो. वर्सभर. पन ऱ्हाऊ द्या ती."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्याकडे बघत तात्या म्हणाले, "सूनबाई, खोकं गेलं खड्ड्यात. पन रोज उठून नुस्तंच तुमच्यात येऊन बसायचं म्हंजी… निमित्त पायजे न्हवं मान्साला. आमच्या घरात दिसभर कोन बोलत न्हाई."

मी नोटा त्यांच्या खिशात परत कोंबल्या. दुसऱ्या दिवशी केबल निघाली. त्या संध्याकाळी तात्या आले नाहीत. मालिकेची वेळ होऊन गेली, तशी बायको म्हणाली, "जा हो, घेऊन या त्यांना. चहा टाकलाय मी."

त्यांचं दार सताड उघडं होतं. धुतलेला सदरा घालून, डोक्यावर टोपी ठेवून तात्या खाटेवर बसले होते.

"चला तात्या."

"कशाला? खोकं तर बंद हाय."

"तुमच्या सूनबाईनं बोलावलंय."

ते उठले. आमच्याकडे शिल्पा आतल्या खोलीत वाचत होती. तात्या स्वयंपाकघराच्या दाराशी अवघडून बसले. बायकोनं त्यांच्या हातात कप दिला आणि विचारलं, "तात्या, आज काय झालं असेल हो मालिकेतल्या त्या धाकट्या सुनेचं? सासूनं घराबाहेर काढलं असेल का?"

तात्यांनी आतल्या खोलीकडे एकदा बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला. "अशी कशी काढंल? सासरा हाय की भक्कम तिच्या पाठीशी."

मालिकेतला सासरा केव्हाच मेला होता. तात्यांनी स्वतः त्याच्यासाठी आमच्याच घरात डोळे पुसले होते. "मग काय म्हणाला तो सासूला?" बायकोनं विचारलं, आणि पोळपाट घेऊन त्यांच्या समोर बसली.