उंब्रजच्या एका काचेची सांगलीवर स्वारी

सातारा व सांगली या उभय प्रांतींचे थोर, लहान, दवाखानेकरी, औषधकरी आणि ज्यांस मुळीच काही दुखणे नाही ऐसे समस्त लोक, यांसी विज्ञापना ऐसी की, शके एकोणीसशे वीस, बहुधान्य नाम संवत्सर, इंग्रजी सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, या साली मौजे उंब्रज येथे बोटभर काचेपायी जे रण माजले, त्याची हकिकत कोणी कागदी उतरली नाही. लढाया थोर जाहल्या त्यांस लिहिणारे पुष्कळ मिळाले, हिला कोणी मिळाला नाही. सबब जे तेथे खासा हजर होते त्यांचे तोंडून ऐकोन, पदरचे फारसे न घालता, येथे लिहिली आहे.

ते समयी उंब्रजेस हमरस्त्याचे काठी सूक्ष्मदृष्टिधुरंधर डॉक्टर प्रियदर्शनीबाई साहेब रणपिसे यांचे पॅथॉलॉजीचे ठाणे होते. ठाणे म्हणजे दोन खोल्या, एक सूक्ष्मदर्शक, एक टेबल आणि दारोगा जयराज. हा जयराज रक्त घेण्यात हुशार, संगणक चालविण्यात निष्णात आणि घाबरण्यात तर दोन्ही जिल्ह्यांत अव्वल. बाईसाहेबांनी काचेवर नजर ठेवावी, रोगाचा मुलूख ओळखावा आणि निवाडा द्यावा, ऐसा कारभार चार वर्षे बिनतक्रार चालला होता.

मग एके दिवशी बाजारपेठेची शान, वांगी-मिरचीची वतनदारीण मनुबाई दरबारी दाखल जाहली. हिचा आवाज ऐसा की, बाजारी एका टोकास हिने "वांगीऽऽ" म्हणोन पुकारा केला तर दुसऱ्या टोकाचे गिऱ्हाईक पिशवी उघडोन उभे राही. त्या गळ्यास लिंबाएवढी गाठ आली होती. बाईसाहेबांनी बारीक सुई घालोन गाठीतील थेंब घेतला, तीन काचपट्ट्यांवर पसरला, रंग चढवोन सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि पाहातां पाहातां कपाळी आठी पडली. कर्करोग म्हणावा तरी मन घेईना, नाही म्हणावे तरी हात धजेना. कऱ्हाडास गळा कापोन गाठ काढण्याचा दिवस मुक्रर जाहला होता, आणि कापण्यात आवाज जाईल ऐसा धोका शल्यवैद्यांनी आगाऊ कळविला होता.

बाईसाहेबांचे गुरू, वयोवृद्ध डॉक्टर आकारामसाहेब, हे सांगलीस होते. त्यांची नजर ऐसी की, काचेवरील पेशी त्यांस गोत्र सांगत. परंतु पाय मोडोन प्लास्टरात असल्याने साहेबांस उंब्रजेस येणे घडेना. म्हणोन दोन काचा डबीत घालोन गुळाच्या टेम्पोबरोबर सांगलीस रवाना केल्या, आणि वाटेत डबीवर गुळाची ढेप कोसळोन दोन्ही काचांचा साखरेसारखा चुरा जाहला. उरली एक काच. पुन्हा सुई घालावी तो मनुबाईने गळ्यास पदर गुंडाळोन फर्माविले, "आवं बाई, लय टोचलं. आता त्या सुईचं नाव काढू नगा. हाय त्यात भागवा."

तेव्हा बाईसाहेबांनी हुकूम केला की, काच ठाण्याबाहेर जाणार नाही, काचेची छबी जाईल. पुण्याच्या एका कारागिराने नवे यंत्र बनविले होते, त्यास स्लाइड स्कॅनर म्हणत. काच त्यात ठेवावी, यंत्राने ती केसकेस सरकवावी, कॅमेऱ्याने एकेक तुकडा टिपावा आणि संगणकात सारी चित्रे जमा करावी, मग टेलिफोनच्या तारेवरून ती पलीकडच्या संगणकात उतरावी, ऐसी त्याची करामत. बाईसाहेबांनी ते यंत्र दोन दिवसांकरिता मागोन घेतले. जयराजाने पुण्यापासोन उंब्रजेपर्यंत ते जीपमध्ये मांडीवर धरोन आणिले आणि खाली उतरल्यावर पाऊण घटका मांडी सरळ केली नाही.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस मोहीम सुरू जाहली. दुसरे दिवशी सकाळी मनुबाईचा गळा कापावयाचा होता. आणि तारांचे कामासाठी वीज त्याच दिवशी चारास जाणार, ती दुसरे दिवशी दुपारपर्यंत येणार नाही, ऐशी दवंडी गावात फिरली होती.

दुपारी दोनास यंत्राने पहिले चित्र टिपिले. पाहातो तो सारा मुलूख धुरकट, जैसा पुरात भिजलेला कागद. दुसरे टिपिले, तेही तैसेच. बाईसाहेबांनी टेबलावर हात ठेविला आणि शत्रू ओळखिला. भिंतीपलीकडे हंबीरराव गिरणीबहाद्दर यांची पिठाची गिरणी धडधडत होती, तिने टेबल हाले, टेबलाने यंत्र हाले, आणि यंत्रात मनुबाईच्या पेशी फुगडी खेळत. जयराजाने टेबलाचे चारी पायांखाली टायरचे तुकडे सारिले, तरी हाले. मग दोन गोधड्या घातल्या, तो एक पाय कचकोन टेबल वाकडे जाहले आणि काच घसरता घसरता राहिली. जयराजाने गोधड्या ओढोन काढिल्या. बाईसाहेबांनी काच दोन्ही हातांनी धरिली होती.

मग बाईसाहेब खासा गिरणीवर चालोन गेल्या. हंबीरराव हे जागेचे मालक, पिठाने अंगभर धवल, भिवयादेखील पांढऱ्या. त्यांस अर्ध्या घटकेची तहकुबी मागितली, तो ते गरजले, "गिरनी बंद? आन् ह्या बाया बघितल्या का? चाराला लाईट जातीया. ह्यांची दळणं कोण दळायचं, तुमचं यंत्र?" खरेच, दारी वीस-बावीस डबे रांगेत उभे होते आणि डब्यांमागे बाया.

तो मनुबाई मागोन आली. ती त्या बायांपुढे उभी राहिली आणि बाजारचा आवाज न काढता हळूच बोलली, "बायांनो, उद्या माझा गळा कापत्यात. ह्या डाक्टरीनबाई म्हनत्यात, फोटू नीट निघाला तर कदाचित कापायला लागनार न्हाई. गिरनी हालतीया म्हून फोटू निघंना. आता तुमी काय त्ये बगा."

मनुबाई हळू बोलली, हे त्या बाजारात आजवर कोणी ऐकिले नव्हते. मग रांगेत अग्रभागी असलेल्या रंगुबाईने आपला डबा उचलोन बाजूस ठेविला. तिचे मागोन दुसरीने, मग तिसरीने, आणि बघता बघता सारी फौज डबे घेवोन भिंतीशी जावोन बसली. हंबीररावांनी चहूकडे पाहिले. दळण नाही तर गिरणी कशास, ऐसा विचार करोन त्यांनी खटका खाली ओढिला. आणि तह ठरला तो ऐसा की, वीज जाईपर्यंत गिरणी बंद राहील, आणि बदल्यात चित्र प्रथम हंबीररावांस दाखविले जाईल.

आता टेबल पाषाणासारखे स्थिर. यंत्र घरघरले, काच सरकली, आणि एकामागोन एक चौदा चित्रे स्वच्छ निघाली. हंबीररावांनी पडद्यावर नाक टेकवोन पाहिले आणि पुसिले, "ही जांभळी बुंदी कशाची?" बाईसाहेबांनी सांगितले की ही मनुबाई. "एवढी?" म्हणोन हंबीरराव थक्क जाहले आणि आदराने दोन पावले मागे सरले.

साडेतीनास सांगलीस आकारामसाहेबांचे घरचा संगणक टेलिफोनाने जुळला आणि चित्रे तारेवर चढली. एक गेले, दोन गेली, सहा गेली. सातवे निम्मे गेले असता तार तुटली. कारण ऐसे की, तोच टेलिफोन गिरणीतही जोडलेला होता, आणि रिकाम्या हंबीररावांनी सहज करमणूक म्हणोन तो उचलिला. भिंतीपलीकडोन त्यांचा आवाज आला, "हालो! हालो! आवं, ह्यात बेडकं वरडाय लागल्यात!" जयराजाने दोन्ही हात डोकीस लाविले.

तेव्हा मनुबाई उठली. गिरणीत गेली, टेलिफोन काखेपाशी ओढिला, त्यावर पंजा ठेविला आणि पिठाच्या पोत्यावर ठाण मांडोन बसली. हंबीररावांस सांगितले, "गड्या, हात लावशील तर बग." त्यांनी लाविला नाही. इकडे जयराजाने तार पुन्हा जुळविली, सातवे चित्र पहिल्यापासोन धाडिले, आणि आठ, नऊ, दहा ऐशी मजल मारीत चौदावे सांगलीस पोहोचले तेव्हा चारास चार मिनिटे कमी होती. मग दिवा गेला, यंत्र गेले, पंखा गेला. सारे ठाणे अंधुक. बाईसाहेब टेलिफोनपाशी खुर्ची ओढोन बसल्या.

पाऊण घटकेने टेलिफोन वाजला. बाईसाहेबांनी ठाण्यात उचलिला, पण मनुबाईचा पंजा आधीपासोनच त्यावर, तिने गिरणीत तो अगोदर उचलिला. आकारामसाहेबांनी नमस्काराची वाट न पाहता निवाडा दिला, "प्रियदर्शनी, हा कॅन्सर नाही. ग्रंथीची सूज आहे, दिसायला फसवी. तू अडखळलीस ते बरोबर केलेस. रक्त तपास, गोळ्या सुरू कर, आणि कऱ्हाडास कळव की गळा कापू नका."

तारेवर नुसता श्वास ऐकू येई.

"कोण आहे? प्रियदर्शनी?"

"न्हाई सायेब," पोत्यावरोन उत्तर गेले, "मीच त्यो गळा बोलतोय."

ठाण्यात बाईसाहेबांनी रिसीव्हर छातीशी धरिला आणि त्या हसू लागल्या, ते हसू डोळ्यांतोन वाहू लागले. भिंतीपलीकडे बायांनी मनुबाईस घेरिले. हंबीररावांनी डोळे पुसिले, तो पीठ ओले होवोन भिवयांवर कणीक जाहली.

येणेप्रमाणे मौजे उंब्रज येथील काच ठाण्यातोन न हालता सांगली सर करोन आली. चित्रे चौदा गेली, चौदा पोहोचली. जखमी कोणी नाही, टेबलाचा एक पाय खेरीज करोन. कऱ्हाडास त्याच सांजेस निरोप गेला आणि मुक्रर दिवस रद्द जाहला. वीज नसल्याने वीस-बावीस दळणे तैशीच राहिली, सबब त्या सांजेस उंब्रजेच्या वीस-बावीस घरी भाकरी थापली गेली नाही, भात शिजला. कोणा पुरुषमाणसाने भाताचे कारण पुसिलेच, तर त्यास बायांनी पाऊण तास कारण सांगितले.