वानखडेकाकांची हजेरी

"काढला कसा बे? इजेक्ट केलं होतं काय?"

चंदीगडच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतली ही गोष्ट. कार्यक्रम संपला होता, मी लॅपटॉपमधून पेन ड्राइव्ह ओढून काढला, आणि खिशाला टेस्टर लावलेले एक गृहस्थ मोदकांची रांग सोडून थेट माझ्यापाशी आले. मी म्हटलं, "त्यानं काही होत नाही हो." गणपतीच्या चौरंगावर मी चप्पल ठेवल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अर्धा तास सुनावलं. तोवर मोदक संपले. त्या मोदकांबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

हे वानखडेकाका मूळचे अमरावतीचे. इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. आता सेक्टर ३९ मध्ये एकटेच राहतात. मी आयटी पार्कात नोकरीला, सेक्टर ४३ मध्ये बसअड्ड्यामागे भाड्याने राहतो, आणि मूळचा पुण्याचा. म्हणजे समोरच्याला अक्कल नाही हे गृहीत धरायची सवय घरूनच घेऊन आलेलो. त्यामुळे आमचं जमलं. दोघांनाही एकमेकांची कीव यायची.

काकांकडे पोह्यांचा एक स्टीलचा डबा आहे. त्यात पोहे सोडून सगळं असतं. फ्लॉपी, सीडी, डीव्हीडी, मेमरी कार्डं, हार्ड डिस्क. एकेक वस्तू बाहेर काढून तिची लाज काढणं हा त्यांचा छंद.

"पेन ड्राइव्ह म्हणजे पोस्टमन. पत्र आणते, देते, संपलं. पोस्टमनच्या खिशात कोणी मंगळसूत्र ठेवते काय? हे डीव्हीडी म्हणजे जावई. उन्हात ठेवू नका, बोट लावू नका, तरी कवा रुसंल सांगता येत नाही. हार्ड डिस्क म्हशीवानी. पोटात लय मावते, पण पडली का उठत नाही."

"आणि एसएसडी?" मी मुद्दाम विचारायचो, कारण आमच्या ऑफिसात सगळीकडे तीच नवी चिपवाली डिस्क.

"तुमच्या ऑफिसात ठीक आहे. रोज चालते, रोज करंट भेटते. घरी कपाटात दोन-चार वर्षं उपाशी ठेव, मंग पाह्य काय आठवते तिले."

"मग क्लाउडवर टाका ना."

"पासवर्ड विसरलो त माह्याच वस्तूसाठी मी कोणाच्या दारात उभा राहू?"

यावर मी हसायचो. माणूस असा बोलायचा की वाटावं, डब्यात देशाची गुपितं आहेत. होती एकच फाइल. चार मिनिटांची. त्यांचा मुलगा चार वर्षांचा असताना केलेलं रेकॉर्डिंग. ते मुळात कॅसेटवर होतं, आणि कॅसेट विरायच्या आत काकांनी ते उतरवून घेतलं होतं. बस, एवढंच. अहो, लहान पोराचं रेकॉर्डिंग कोणाकडे नसतं! माझ्या बहिणीच्या फोनमध्ये तिच्या लेकाचे शिंकतानाचेच चाळीस व्हिडिओ आहेत.

तो मुलगा आता कॅनडात. रविवारी त्याचा फोन येतो. काका मराठीत विचारतात, "जेवला काय रे?" तिकडून उत्तर येतं, "हां पापा, खा लिया. आप ठीक हो ना?" त्याला समजतं सगळं, बोलत मात्र नाही. दोन मिनिटांत फोन संपतो.

काकांचा नियम असा की प्रती तीन तरी हव्यात, दोन वेगळ्या जातीच्या वस्तूंवर, आणि एक दुसऱ्याच्या घरी. हे दुसऱ्याचं घर मिळत नव्हतं. मुलगा म्हणाला होता, क्लाउड पे डाल दो. शेवटी काकांनी माझ्याकडे एक पेन ड्राइव्ह सोपवला. "पोस्टमनच आहे, पण तुह्यावर भरोसा आहे." दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते डब्यातल्या एकेका वस्तूवर फाइल उघडते का ते बघायचे आणि मग मला फोन करायचे, "हजेरी?" मी म्हणायचो, "हजर."

चार महिने मी हजर म्हणत होतो. त्यातले तीन महिने खोटं. एका संध्याकाळी मला लॅपटॉपमध्ये विंडोज टाकायचं होतं, जवळ दुसरा पेन ड्राइव्ह नव्हता. मी काकांचा फॉरमॅट केला. जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

मग एका रविवारी फोन आला. "पुणेकर, म्हैस पडली रे. डीव्हीडी बी वाचून नाही राहिली. आता एक कार्ड, आन् एक तुह्यापाशी. घेऊन ये, नवीन प्रती काढू."

मी गेलो आणि उभ्या उभ्या खरं सांगून टाकलं. चांगला फैलावर घेतील अशी तयारी करून गेलो होतो. काका डब्याचं झाकण पुसत राहिले.

"चूक माही आहे," ते म्हणाले. "मी तुले ऐकवलंच नाही. न ऐकलेली वस्तू कोण सांभाळंल?"

त्यांनी ते उरलेलं कार्ड लॅपटॉपला लावलं. एरवी ते कानात इअरफोन घालून ऐकत, आज स्पीकर लावला. एक पोरगा घाईघाईने सांगत होता. गच्चीवर माकड आलं, त्यानं चादर नेली, मंग आई धावली. अस्सल वऱ्हाडी. मधेच थांबून विचारायचा, "बाबा, ऐकून राहिले ना?" तरुण आवाजातले काका म्हणायचे, "हो, ऐकून राहिलो." पुन्हा माकड, पुन्हा चादर, पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर.

तिसऱ्यांदा त्यानं विचारलं. उत्तर आलं नाही. नुसती खरखर.

"तवा मी रेकॉर्डिंगचा लाइट लागून आहे का नाही, ते पाहून राहिलो होतो," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. मला माझी मनापासून लाज वाटली.

रेकॉर्डिंगमधल्या पोरानं आणखी एकदा विचारलं, जरा रडवेल्या आवाजात, "बाबा, ऐकून राहिले ना?"

"ऐकून राहिलो रे राजा," काका लॅपटॉपकडे वाकून म्हणाले. "सांग, मंग काय झालं?"