बदकांची परीक्षा

साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी मोबाइलवरचा एक खेळ निवडायचा, एवढंच काम होतं. पण ते पडलं लिफ्ट इन्स्पेक्टरच्या गळ्यात, आणि हा माणूस स्वतः वीस वेळा वर-खाली केल्याशिवाय लिफ्टच्या कागदावर सही करत नाही.

लेकीचं घरातलं नाव बबडी. तिच्यासाठी त्याने आठवडाभरात सतरा खेळ खेळून नापास केले. एकात फळं सुरीने कापायची होती. एकात अस्वलाचं पिल्लू विहिरीत पडायचं आणि वर यायचं नावच घ्यायचं नाही. एकात दर दोन मिनिटांनी एक बाई येऊन केसांचं तेल विकायची.

“अरे, तिला नुसतं खेळायचंय, त्यात बसून दहाव्या मजल्यावर जायचं नाहीये,” बायको म्हणाली.

“म्हणूनच जास्त जपायला हवं,” इन्स्पेक्टर म्हणाला. याला काही अर्थच नव्हता, पण तोवर त्याने पुढचा खेळ उघडलाही होता.

अठरावा खेळ पास झाला. बदकांना दाणे घालायचे, आंघोळ घालायची, झोपवायचं. ना रक्त, ना तेल. पण बबडीची बोटं चपळ, खेळातून बाहेर पडून कुठेही जातील. म्हणून त्याने फोनला मुलांचं कुलूप लावलं. सहा आकडे टाकल्याशिवाय फोन बदकांतून बाहेर येणार नाही. त्यातही त्याच्या खात्यातला नियम घरात आला: लिफ्टच्या यंत्रखोलीला दोन कुलुपं, दोन माणसांकडे दोन किल्ल्या. तीन आकडे त्याने टाकले, तीन बायकोने, एकमेकांना न दाखवता. म्हणजे आईबापांपैकी कुणी एकटं ढिलं पडायला नको. एवढी अक्कल माणसाला एका दिवसात पेलत नाही, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी बायको साडेतीन वर्षांनी कामावर जाणार होती. इमारतींचे नकाशे काढायचं तिचं जुनं काम, ऑफिस नवं. इन्स्पेक्टरने रजा काढली होती. बायको दारात चपला घालून उभी राहिली आणि परत आत आली.

“मी बरोबर एकला फोन करीन. उचलला नाहीस तर मी समजेन काहीतरी झालंय. तशीच पर्स उचलून घरी येईन, आणि मग परत काही मी जायची नाही. सांगून ठेवते.”

“पहिल्या रिंगला उचलतो. तू जा बघू.”

सव्वाबाराला त्याने वरणाचा कुकर लावला आणि बबडीच्या हातात फोन दिला. बबडीने दोन बदकांना जेवू घातलं, तिसऱ्याकडे पाहून म्हणाली, “याचं पोट भरलंय,” आणि कपड्यांचे चिमटे मोजायला निघून गेली. परीक्षा संपली. फोन मात्र बदकांतच राहिला.

इन्स्पेक्टरने आपले तीन आकडे टाकले. पुढचे तीन बायकोच्या डोक्यात, आणि बायको ऑफिसात. कुलूप लागलेलं असताना बाहेरून फोन येतो का? येत नव्हता. ही सोय त्यानेच कौतुकाने चालू केली होती. अंदाजाने आकडे टाकले, तर पाच चुकांनंतर फोनने त्याला अर्धा तास थांबायला सांगितलं. फोन बंद करून चालू केला. बदकांनी पुन्हा नमस्कार केला.

बबडीला कडेवर घेऊन तो शेजारच्या काकूंकडे धावला.

“काकू, तुमचा फोन द्या. बायकोला एक फोन करायचाय.”

“घ्या की. नंबर काय?”

इन्स्पेक्टरने खिशातला फोन काढला. त्यावर बदकंच होती. गावातल्या दोनशे लिफ्ट किती वजन उचलतात ते त्याला पाठ होतं. बायकोचा नंबर नव्हता.

“लग्नाला किती वर्षं झाली?” काकूंनी विचारलं.

“सहा.”

“मग बरोबर आहे,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी बबडीला ठेवून घ्यायचं आणि त्याच्या घरातला गॅस बंद करायचं काम अंगावर घेतलं.

बायकोच्या ऑफिसचा पत्ता तेवढा त्याला ठाऊक होता. टॅक्सीत बसताना एक वाजायला दहा कमी होते. वाटेत एका सिग्नलला एक वाजला. फोन उचलला जात नाहीये, ती पर्स उचलतेय, जिना उतरतेय, असं सगळं त्याला दिसू लागलं. साडेतीन वर्षं ती रोज संध्याकाळी जुन्या नकाशांची गुंडाळी पुसून ठेवायची. माझ्या शहाणपणापायी ती गुंडाळी आता माळ्यावर जाणार, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला रडूच फुटायचं बाकी राहिलं. खिशातली बदकं तेवढ्यात “शाब्बास” म्हणाली.

एक वीसला तो ऑफिसात शिरला. काचेपलीकडे मोठं टेबल होतं, टेबलावर नकाशा, नकाशावर वाकलेली चार माणसं, आणि मधे त्याची बायको. कानावर पेन्सिल खोचून ती कुणाला तरी सांगत होती, “हा खांब इथे नकोच आहे.” समोरचा साहेब मुकाट्याने खांब खोडत होता.

तिने याला पाहिलं आणि पांढरी पडली. धावत बाहेर आली.

“काय झालं? बबडीला काय झालं?”

“काही नाही. तू फोन केला होतास का?”

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तोंडावर हात गेला.

“विसरले. अरे, मी चक्क विसरले. कसली आई मी.”

“विसरलीस?” इन्स्पेक्टरने असा सुस्कारा सोडला की चार टेबलांवरचे कागद हलले असतील. “अगदी पूर्ण विसरलीस ना?”

“रागावलास?”

“रागावतोय कशाला. इतकं बरं मला या आठवड्यात वाटलं नव्हतं. जा, साहेब थांबलेत. तुझे ते तीन आकडे तेवढे सांग, फोन अडकलाय.”

ती दाराला हात लावून थांबली. बोटाने हवेतच तीन आकडे दाबून पाहिले.

“ते मी काल कुठले टाकले होते रे?”

“असू दे,” तो म्हणाला, “नाही आठवले तरी चालेल,” आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटलं.